दहा खेळ्यांत मात! हरलेला डाव फोनवर उलगडून कसा अभ्यासायचा?

आजचा लेख माझ्या एका पराभवाबद्दल आहे. लेख वाचून झाल्यावर तुमचाही एखादा हरलेला डाव तुम्ही बाहेर काढाल, अशी आशा आहे.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात बुद्धिबळाची स्पर्धा होती. पहिल्याच फेरीत माझ्यासमोर आठवीतला एक मुलगा आला. मला वडिलांनी लहानपणीच खेळायला शिकवलं आणि आजही मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर एखादा डाव टाकतो. त्यामुळे 'पोराला जरा सांभाळून घेऊ' असा माझा थाट होता. त्या पोराने मला दहाव्या खेळीला मात दिली. खुर्च्या लावणारे अजून खुर्च्याच लावत होते. बायको चहा घेऊन आली आणि पटाकडे बघून म्हणाली, "अजून सुरू नाही झालं का?"

हरण्याचं एवढं काही नव्हतं. पण चाळिशी उलटल्यावर असं हरलं की मनात वेगळीच शंका येते: आपलं डोकं आता चालत नाही का? त्या रात्री मी फोनमधलं बुद्धिबळाचं अ‍ॅपच काढून टाकलं.

चार दिवसांनी ते परत टाकलं आणि तो डाव नीट बसून उलगडला. त्यात जे सापडलं ते माझ्या अंदाजापेक्षा फार वेगळं होतं. यासाठी लागणारी साधनं सगळी फुकट आहेत आणि फोनवर चालतात. फक्त ती कोणत्या क्रमाने वापरायची, हे कळायला हवं. तेच आज बघू.

पायरी १: डाव मशीनला समजेल असा लिहा

डाव ऑनलाइन खेळला असेल तर तो आपोआप साठवलेला असतो. माझा डाव लाकडी पटावरचा होता. नशिबाने त्या मुलाच्या क्लासमध्ये प्रत्येक डाव वहीत लिहायची सक्ती आहे. त्याच्याकडून वहीच्या पानाचा फोटो मागून घेतला.

बुद्धिबळाचे डाव साठवायला जगभर पीजीएन, म्हणजे पोर्टेबल गेम नोटेशन, हा प्रकार वापरतात. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी तो १९९३ साली मांडला. ही एक साधी टेक्स्ट फाइल असते. वर स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल अशी सात माहितीची ओळ, आणि खाली क्रमाने खेळ्या. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते, नोटपॅडमध्ये उघडते आणि संपूर्ण डाव काही शे अक्षरांत मावतो.

घरांची नावं सोपी आहेत. पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर डावीकडून उजवीकडे ए ते एच असे उभे स्तंभ आणि खालून वर १ ते ८ अशा आडव्या रांगा. प्रत्यक्ष फाइलमध्ये मोहऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरं असतात. फक्त घोड्यासाठी 'के' न वापरता 'एन' वापरतात, कारण 'के' राजाने आधीच घेतलेला आहे. प्याद्याला अक्षरच नसतं. या लेखात मी मोहऱ्यांची आपली मराठी नावंच लिहिली आहेत.

खेळ्या भरायला मी लिचेस वापरलं. २०१० साली सुरू झालेली ही साइट मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, तिच्यावर जाहिराती नाहीत आणि भाषांच्या यादीत मराठीही आहे. तिथल्या विश्लेषणाच्या पटावर एकेक मोहरा सरकवत गेलं की पीजीएन आपोआप तयार होते.

एक छोटी अडचण आली. सहाव्या खेळीला मी वहीत बघून घोडा 'एफ१'वर न्यायला गेलो, तर मोहरा परत जागेवर. नियमात बसत नसलेली खेळी प्रोग्राम घेतच नाही. पुन्हा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कळलं की त्याचा इंग्रजी सात मला एक वाटला होता. हे लक्षात ठेवा: प्रोग्राम खेळी नाकारत असेल तर ती खेळी किंवा तिच्या आधीची एखादी खेळी चुकीची वाचली गेली आहे. दोन-तीन खेळ्या मागे जाऊन तपासा.

डाव असा होता

मी काळी मोहरी घेऊन खेळत होतो. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह आणि # म्हणजे मात.

१. ई४ ई५
२. घोडा एफ३, घोडा सी६
३. उंट सी४, घोडा एफ६
४. घोडा जी५, डी५
५. ई × डी५, घोडा × डी५
६. घोडा × एफ७, राजा × एफ७
७. वजीर एफ३+, राजा जी८
८. उंट × डी५+, वजीर × डी५
९. वजीर × डी५+, उंट ई६
१०. वजीर × ई६#

शक्य असेल तर पट मांडून किंवा फोनवर हा डाव एकदा खेळून बघा. दोन मिनिटंही लागणार नाहीत.

मागची कल्पना अशी आहे. काळ्याचं एफ७ हे घर सुरुवातीला फक्त राजा राखत असतो, म्हणून ते नाजूक. तिसऱ्या खेळीला पांढऱ्याचा उंट सी४वर येऊन त्या घरावर नजर ठेवतो. चौथ्या खेळीला घोडा जी५वर येतो आणि त्याच घरावर दुसरा हल्ला होतो. घोडा एफ७वर पोचला तर वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम हल्ला करतो. मी डी५ खेळून उंटाची वाट अडवली. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं होतं.

पायरी २: इंजिन लावण्याआधी दहा मिनिटं थांबा

इथे बहुतेक जण लगेच संगणकाचं विश्लेषण सुरू करतात. मीही आधी तेच करायचो. लाल-पिवळ्या खुणा बघायच्या, 'अरेरे' म्हणायचं आणि पुढचा डाव सुरू करायचा. त्यातून शिकणं जवळपास शून्य.

या वेळी मी इंजिन बंद ठेवलं आणि प्रत्येक खेळीपुढे, ती खेळताना माझ्या मनात काय होतं ते लिहिलं. लिचेसच्या 'स्टडी' या सोयीत प्रत्येक खेळीला टीप जोडता येते, पटावर बाण काढता येतात आणि पर्यायी खेळ्यांच्या फांद्या ठेवता येतात. माझ्या नोंदी अशा होत्या:

खेळी ५: "प्यादं परत मिळतंय. घोडाही मध्यावर येतोय. विचार करायची गरज नाही."

खेळी ६: "घोडा फुकट दिला? पोरगं गडबडलं."

खेळी ७: "शह. राजा परत घरी न्यावा. मध्ये काय करायचंय त्याचं?"

खेळी ८: "वजिराने मारलं. वजीर गेला!! डाव इथे हरलो."

शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. चार दिवस मी स्वतःला याच खेळीसाठी दोष देत होतो: आपण वजीर कसा काय देऊन बसलो?

या नोंदी कशासाठी, तर इंजिन खेळी तपासतं, ती खेळण्यामागचा विचार त्याला दिसत नाही. तो आधी लिहून ठेवला नाही, तर उत्तर दिसल्यावर आपलं मन सोयीस्करपणे म्हणतं, 'हो, हे मला दिसलंच होतं.'

पायरी ३: इंजिन काय करतं?

आता इंजिन लावलं. लिचेसवर स्टॉकफिश हे इंजिन चालतं. तेही मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि २००८ पासून जगभरातले लोक ते सुधारत आले आहेत.

त्याचं काम दोन भागांत समजून घेता येईल. पहिला भाग शोधाचा: मी ही खेळलो तर तो ती खेळेल, मग मी ती... अशा फांद्या तपासायच्या. या फांद्या किती भराभर वाढतात बघा. पांढऱ्याकडे पहिल्या खेळीचे २० पर्याय असतात. काळ्याने उत्तर दिलं की ४००. पांढऱ्याने दुसरी खेळी केली की ८,९०२ आणि काळ्याच्या दुसऱ्या खेळीनंतर १,९७,२८१. सगळं तपासणं अशक्य, म्हणून निरुपयोगी ठरलेल्या फांद्या इंजिन लवकर छाटून टाकतं. किती अर्धखेळ्या खोल पाहिलं, तो 'डेप्थचा' आकडा पडद्यावर दिसतो.

दुसरा भाग मूल्यमापनाचा: फांदीच्या टोकाशी जी स्थिती येते ती कोणाला चांगली आहे? पूर्वी यासाठी माणसांनी लिहिलेले नियम असायचे. २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून हे काम एक छोटं न्यूरल नेटवर्कही करू लागलं. ते साध्या प्रोसेसरवर चालेल इतकं आटोपशीर बनवलेलं आहे, म्हणूनच फोनच्या ब्राउझरमध्येही ते धावतं. फोन का तापतो, याचंही उत्तर हेच. संपूर्ण डावाचं विश्लेषण मागवलं तर मात्र ते काम स्वयंसेवकांनी देऊ केलेल्या संगणकांवर होतं आणि थोड्या वेळात निकाल येतो.

मग आकडा दिसतो. +१ म्हणजे पांढऱ्याचं पारडं साधारण एका प्याद्याइतकं जड, −१ म्हणजे काळ्याचं. २०२२ अखेरच्या स्टॉकफिश १५.१ पासून हे माप जास्त नेमकं केलं आहे: +१ म्हणजे स्टॉकफिश स्वतःशीच खेळलं तर पांढरा जिंकण्याची शक्यता ५० टक्के. हे वाक्य पुन्हा वाचा. आकडा स्टॉकफिश विरुद्ध स्टॉकफिश या सामन्याचा आहे. तुमच्या-माझ्या डावात दीड प्याद्याचा फायदा चहा गार व्हायच्या आत इकडून तिकडे जातो.

आकड्याऐवजी # आणि त्यापुढे ३ असं दिसलं, तर त्याचा अर्थ तीन खेळ्यांत मात, समोरच्याने काहीही केलं तरी.

मी समजत होतो ती चूक नव्हतीच

माझ्या डावाचा आलेख आला. आठव्या खेळीवर, जिच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, तिथे काहीच खूण नव्हती! ना प्रश्नचिन्ह, ना पिवळा ठिपका.

मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग हाताने तपासलं. आठव्या खेळीला उंटाने डी५चा घोडा मारून शह दिला तेव्हा माझ्याकडे नियमात बसणाऱ्या दोनच खेळ्या होत्या. एक, वजिराने उंट मारणं, जे मी केलं. दुसरी, माझा उंट ई६वर आडवा घालणं. त्यावर पांढऱ्याचा उंट तो उंट मारतो आणि नवव्याच खेळीला मात होते. म्हणजे मी वजीर दिला ती त्या स्थितीतली सर्वात चांगली खेळी होती. तिने मात एका खेळीने लांबवली. चार दिवस मी स्वतःला ज्या खेळीबद्दल बोल लावत होतो, ती बरोबर होती.

दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे घोडचूक, पडली होती सातव्या खेळीवर: राजा जी८. त्या क्षणी आकडा जाऊन तिथे 'तीन खेळ्यांत मात' आलं होतं. या घोडचुकीत माझे दोन्ही घोडे निर्दोष होते, हा भाग वेगळा.

मग तिथे काय खेळायला हवं होतं? इंजिनने दाखवलं: राजा ई६. मी बघतच राहिलो. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेला नियम म्हणजे राजा जपून ठेवायचा, कोपऱ्यात न्यायचा. इथे सातव्याच खेळीला तो पटाच्या मधोमध, भर चौकात?

कारण मात्र सरळ आहे. डी५वरच्या माझ्या घोड्यावर दोन हल्ले आहेत: वजिराचा आणि उंटाचा. राखण फक्त माझ्या वजिराची. राजा ई६वर आला की तो घोड्याचा दुसरा राखणदार होतो. आता पांढऱ्याने तोच डाव टाकून उंटाने घोडा मारला तर: वजीर × डी५, वजीर × डी५+, राजा × डी५. वजिराला वजीर गेला आणि हिशेबात मी एका प्याद्याच्या बदल्यात एक अख्खा मोहरा वर. ज्या खेळीने माझी मात केली, तीच खेळी राजा शेजारच्या घरावर असता तर पांढऱ्याला महागात पडली असती.

याचा अर्थ काळा जिंकतो असं नाही. राजा ई६नंतर पांढऱ्याची बरोबर खेळी आहे घोडा सी३, डी५वर तिसरा हल्ला. तो घोडा उंट आणि राजा यांच्यामध्ये अडकल्याने हलूही शकत नाही. मग काळ्याला सी६चा घोडा बी४ किंवा ई७वर आणून राखण वाढवावी लागते. आलेख पांढऱ्याकडेच झुकलेला राहतो. पण डाव चालू राहतो.

पायरी ४: ओपनिंग शोधा, पण दोन चष्म्यांतून

पटाखाली ओपनिंगचं नाव येतं: इटालियन गेम, टू नाइट्स डिफेन्स, फ्राइड लिव्हर अटॅक. कोड सी५७. हे कोड 'एन्सायक्लोपीडिया ऑफ चेस ओपनिंग्ज' या ग्रंथमालेतले, ए०० ते ई९९ असे पाचशे. पुस्तकांच्या वर्गीकरणासारखीच ही सोय आहे. कोड कळला की त्याच ओपनिंगचे इतर डाव शोधता येतात.

फ्राइड लिव्हर म्हणजे तळलेली कलेजी. इटालियनमध्ये या हल्ल्याला फेगातेल्लो म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पोलेरिओ या खेळाडूच्या काळापासून तो माहीत आहे. म्हणजे मी चारशेहून अधिक वर्षं जुन्या सापळ्यात पडलो होतो.

आता 'ओपनिंग एक्सप्लोरर' उघडा. एखाद्या स्थितीत आधी कोणकोण काय खेळलं आणि निकाल काय लागले, ते तो दाखवतो. त्यात दोन वेगळे साठे आहेत. एक नामवंत खेळाडूंच्या प्रत्यक्ष स्पर्धांतल्या डावांचा, दुसरा लिचेसवर सर्वसामान्य लोक खेळलेल्या डावांचा. दुसऱ्यात रेटिंगनुसार चाळणी लावता येते.

मी पाचव्या खेळीवर थांबलो, जिथे मी 'विचार करायची गरज नाही' असं लिहिलं होतं. मास्टर लोकांच्या साठ्यात सर्वात वर होती घोडा ए५. घोड्याने डी५चं प्यादं मारणं तिथे क्वचितच. मग साठा बदलला आणि माझ्यासारख्यांच्या रेटिंगची चाळणी लावली. यादी उलटी झाली! तिथे सर्वात वर माझीच खेळी. माझ्या पातळीवरचे असंख्य लोक त्याच जागी तेच प्यादं उचलतात.

खरं सांगतो, मला तिथे फार बरं वाटलं. माझं डोकं चालेनासं झालेलं नव्हतं. 'मारलं की परत मारायचं' ही आपल्या सगळ्यांची सवय आहे आणि हा सापळा नेमका त्या सवयीवर बेतलेला आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. एक्सप्लोररमधली जिंकण्याची टक्केवारी म्हणजे खेळीचा दर्जा नव्हे. मास्टर टाळतात अशी खेळीही कमी रेटिंगच्या डावांत भरपूर जिंकते, कारण समोरच्याला उत्तर माहीत नसतं. जर्मन ग्रँडमास्टर टाराश यांनी घोडा जी५ या खेळीला कच्च्या खेळाडूची खेळी म्हणून हिणवलं होतं. तरी आज ती सगळीकडे खेळली जाते आणि इंजिनलाही ती मान्य आहे. म्हणून लोक काय खेळतात ते एक्सप्लोररला विचारा आणि खेळी कितपत टिकते ते इंजिनला.

मग पाचव्या खेळीला करायचं काय?

घोडा ए५. नवख्याला ही खेळी विचित्र वाटते. 'कडेचा घोडा थोडा' हे आपण शिकलेलो असतो, आणि इथे प्यादं सोडून घोडा थेट कडेला! पण तो सी४च्या उंटावर हल्ला करतो. सगळा दंगा ज्या उंटाच्या जोरावर चालू आहे, त्यालाच उठवतो. सर्वसाधारण क्रम असा: ६. उंट बी५+, सी६, ७. डी × सी६, बी × सी६. आणि उंटाला पुन्हा उठावं लागतं. तो ई२ किंवा डी३वर जातो. मग एच६ खेळून जी५चा घोडाही हुसकता येतो. काळ्याकडे एक प्यादं कमी असतं, पण मोहरी भराभर बाहेर येतात आणि पांढरा मागे सरकत राहतो. याचे कोड सी५८ आणि सी५९.

प्यादं कमी ठेवून खेळायला भीती वाटत असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे: तिसऱ्या खेळीलाच घोडा एफ६ऐवजी उंट सी५. तेव्हा जी५ या घरावर काळ्याच्या वजिराची नजर असते. पांढऱ्याचा घोडा तिथे आला तर वजीर त्याला फुकट मारतो. सापळा लागायच्या आधीच संपला.

इथे एक मोह होतो: ओपनिंगच्या सगळ्या फांद्या पाठ करण्याचा. एक संध्याकाळ मी त्यात घालवली आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीही आठवेना. आता माझा नियम असा आहे: एका डावातून ओपनिंगची एकच नवी खेळी घ्यायची आणि ती का खेळायची, हे स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहायचं. माझी ओळ: "उंटाला उठव, प्यादं नंतर."

पायरी ५: समोरच्याला विचारा

एवढं सगळं झाल्यावर एका रविवारी मी त्या मुलाला बोलावलं. खेळाडू याला पोस्टमॉर्टेम म्हणतात: डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडायचा. ही फोनच्या कितीतरी आधीची पद्धत आहे.

सातव्या खेळीपाशी मी त्याला थांबवलं. म्हटलं, "मी इथे राजा ई६ला आणला असता तर तू काय खेळला असतास?"

तो पटाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, मला व्हिडिओत जी८वालंच पाठ होतं. मी तर तरीही उंटानेच घोडा मारला असता."

म्हणजे नेमकी ती खेळी, जिच्यानंतर तो एक मोहरा खाली गेला असता!

आता सगळे निकाल शेजारी ठेवून बघा. माझ्या मनाच्या मते चूक आठव्या खेळीला, आणि ते साफ खोटं. इंजिनच्या मते सातव्या खेळीला, तेही बरोबर खेळूनसुद्धा स्थिती वाईटच. एक्सप्लोररच्या मते मुळात पाचव्या खेळीला. आणि समोर बसलेल्या मुलाच्या मते मी एक खेळी जरी तग धरली असती, तरी त्याचं पाठांतर तिथेच संपलं होतं. ही शेवटची माहिती कोणत्याही इंजिनकडे नव्हती. शह मिळाल्यावर मी घाबरून जी८ला पळालो, तेव्हा समोरच्याला सगळं येतंय असं धरून चाललो होतो.

माझ्या नोंदी पुन्हा वाचल्या तर पाचव्या, सहाव्या आणि सातव्या खेळीत एकच दुखणं दिसतं: मला काय मिळतंय ते मी बघितलं, पुढचा शह कुठून येतोय ते बघितलं नाही. आता प्रत्येक खेळीआधी मी एकच प्रश्न विचारतो: याच्यानंतर तो मला शह कुठून देऊ शकतो?

तुमच्या डावासाठी थोडक्यात क्रम

१. हरलेला एकच डाव निवडा. शक्यतो दहा-पंधरा मिनिटांचा किंवा त्याहून मोठा, कारण त्यात विचार केलेला असतो.
२. डाव पटावर भरा किंवा पीजीएन आयात करा.
३. इंजिन बंद ठेवून प्रत्येक महत्त्वाच्या खेळीला तेव्हाचा विचार लिहा. 'डाव इथे हरलो' असं जिथे वाटतं तिथे खूण करा.
४. मग संगणकाचं विश्लेषण लावा. तुमची खूण आणि त्याची खूण वेगळी असेल, तर तिथेच सर्वात जास्त शिकायला मिळतं.
५. इंजिनची खेळी पटली नाही तर तिच्याविरुद्ध तुमची खेळी खेळून बघा. ती का चुकते हे पटावर दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.
६. ओपनिंग एक्सप्लोररमध्ये दोन्ही साठे बघा. एकच नवी खेळी उचला.
७. समोरचा ओळखीचा असेल तर त्याच्याबरोबर डाव मांडा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: हे सगळं डाव संपल्यावर. चालू डावात इंजिन वापरणं ही फसवणूक आहे. साइट्स ती पकडतात आणि खातं बंद होतं.

पोस्टमॉर्टेम झाल्यावर मी आणि तो मुलगा लगेच दुसरा डाव खेळलो. पुन्हा मी काळा. त्याने हसत घोडा जी५वर ठेवला. पाचव्या खेळीला माझा हात सवयीने डी५च्या प्याद्याकडे गेलाच होता. तो मागे घेतला आणि घोडा ए५वर ठेवला. तो हसायचा थांबला आणि पहिल्यांदाच हनुवटीवर हात ठेवून विचार करू लागला.

तो डावही मी हरलो. पण ४१ खेळ्यांत, आणि हत्तींच्या शेवटात. वही त्याच्याकडेच होती. जाताना मी तिच्या पानाचा फोटो काढून घेतला. या वेळी माझ्या मते चूक ३४व्या खेळीला आहे. इंजिन अजून लावलेलं नाही.